तुझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं

मन्या,

कोल्हारच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. खाली हात जोडलेल्या लोकांची नावं ढीगभर आहेत, आणि त्यातला एकही माणूस तुझ्या ग्राउंडकडे कधी फिरकल्याचं मला आठवत नाही. फोटो मात्र दहावीतला. कपाळावर कुरळे केस, कमरेला बॉल, आणि तोंडावर ते हसू, ज्याच्यापुढे आपल्या शाळेतले सगळे मास्तर विरघळायचे. परवा मी तिथं एसटीची वाट बघत उभा होतो. शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी फ्लेक्सकडे बघून हळहळली.

"काय बाई कोवळं लेकरू गेलं! कशानं वो?"

"हार्ट अटॅक. पन्नाशीचा होता, आज्जी."

"मंग ह्यो कोन?"

"हा तोच."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं बाजूला सरकलो.

हसलास? हसून घे. कारण यापुढे मी तुझ्यावर ओरडणार आहे. आमची ही म्हणते, गेलेल्या माणसावर रागवू नये, त्याला उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, होता तेव्हा तरी कुठं देत होता? आज रविवार. मी चर्चला गेलो नाही. पाळकसाहेबांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली असती आणि मला 'आमेन' म्हणावं लागलं असतं. अजून म्हणवत नाही. काल नगरला मॅच झाली, तिचं तुला सांगायचंय. पण आधी भांडण.

मंगळवारी तुला मूठमाती दिली. त्याआधी भाषणं झाली, ती तू पेटीत निवांत पडून ऐकलीस, आम्हाला उभ्यानं ऐकावी लागली. तुझ्या शाळेच्या संस्थेचे चेअरमन उठले. म्हणाले, "असा निःपक्षपाती शिक्षक होणे नाही. पोटची मुलगी संघात, पण सरांनी तिला तीन वर्षं बाकावर बसवलं. एका मॅचला उतरवलं नाही. आजच्या काळात अशी सचोटी कुठं बघायला मिळते?" मागून कोणीतरी चक्क टाळी वाजवली. मग आपण कुठं आहोत हे लक्षात आल्यावर त्यानं त्याच टाळीचा नमस्कार केला.

पुढच्याच रांगेत सुनंदावहिनींना धरून रूथ बसली होती. तोपर्यंत ती तुझ्या पेटीकडे बघत होती. ते वाक्य आलं आणि तिनं मान खाली घातली. मी त्या पोरीला ती पाळण्यात होती तेव्हापासून ओळखतो, मन्या. ती मान शरमेनं खाली गेली. बापाच्या दफनाच्या वेळी, अख्ख्या गावादेखत, तिला सांगितलं जात होतं की तुझं बाकावर बसणं हे तुझ्या बापाचं मोठेपण होतं.

तेव्हापासून मी पेटलोय.

आता हे पत्र जे वाचतील त्यांना सगळं ठाऊक नसणार, म्हणून थोडं मागं जातो. कंटाळू नकोस. मागं जाणं हा माझा धंदा आहे, तुला माहीत आहे. नगरच्या दवाखान्यात मी औषधांचं स्टोअर सांभाळतो ते पोटासाठी. माझं खरं काम म्हणजे आपल्या घराण्यातल्या लग्नांत, बारशांत, नाताळच्या जेवणात तुझी गोष्ट सांगणं.

तू माझा आतेभाऊ. माझ्याहून काही महिन्यांनी मोठा आणि वीतभर उंच. शाळेत तू बास्केटबॉलचा राजा आणि मी तुझी पाण्याची बाटली धरणारा. नाताळच्या नाटकात तुला पाठांतर अजिबात व्हायचं नाही, तरी योसेफ तूच. मला सगळ्यांचे संवाद पाठ, मी मेंढरू. कापूस चिकटवलेलं मेंढरू पडद्याआडून योसेफाला वाक्यं सांगायचं. तुझी वही दुसरं कोणीतरी पूर्ण करायचं, तुझा डबा तिसऱ्याच्या आईकडून यायचा, उशीर झाला तर हजेरी घेणारे मास्तर तुझ्या नावाला जरा थांबायचे. मला हेवा वाटायचा का? वाटायचा की. पण तू रिंगखाली बॉल घेऊन वळायचास तेव्हा हेवा करायचंही सुचायचं नाही. नुसतं बघत राहायचं.

तर गोष्ट अशी. आपल्या शाळेची फायनल, शेवटचे काही सेकंद, तुझी बास्केट, तुला खांद्यावर घेऊन काढलेली मिरवणूक. मग राज्याच्या संघाच्या कॅम्पला तुझी निवड. सगळं नगर म्हणायला लागलं, हे पोरगं भारताकडून खेळणार. आणि मग कॅम्पमध्ये तिसऱ्याच दिवशी गुडघा गेला. इथं मी आवाज खाली आणायचो. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. "एका क्षणात सगळं संपलं," असं म्हणून मी तुझ्याकडे हात करायचो, आणि तू पानात मान घालून भात कालवत असायचास.

काय ती माझ्या आत्याची सेवा! जिवंत होती तोवर तुझी आई रोज तुझ्या त्या गुडघ्याला तेल चोळायची. माझे वडील, म्हणजे तुझा मामा, तुझ्यासाठी कुठून कुठून मालिशवाले शोधून आणायचे. थंडी पडली की घरातलं प्रत्येक माणूस तुला विचारायचं, "गुडघा काय म्हणतो?" आपल्या घराण्यात मुलांना शुभवर्तमानाच्या आधी तुझ्या गुडघ्याची ओळख झाली.

पुढची बरीच वर्षं तू काय काय केलंस. एजन्सी, दुकान, कोणाच्या तरी गाड्यांचा हिशेब. मग कोल्हारजवळच्या त्या शाळेत खेळाचा शिक्षक झालास आणि आम्ही म्हटलं, चला, पोटाला लागला. तिथं तू काय उभं करणार आहेस याची आम्हाला कल्पना नव्हती. बाभळी तोडून सिमेंटचं कोर्ट तू करून घेतलंस. फॅक्टरीवर कामाला जाणाऱ्यांच्या, उसात राबणाऱ्यांच्या मुली तू घरोघर जाऊन आणल्यास. बापांच्या पुढ्यात बसून भाकरी खाल्लीस आणि "पोरगी अर्ध्या चड्डीवर खेळनार व्हय?" या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर दिलंस, "पूर्ण चड्डी देतो, पण खेळू द्या." सहा फुटी माणूस, हात जोडून. मी एकदा बरोबर होतो. मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला, तो शाळेतल्या मिरवणुकीत वाटला नव्हता. हे मी तुला कधी बोललो नाही. मी, ज्याचं तोंड बंद होत नाही, तो हे बोललो नाही.

पण तुझे ते नियम! कोणत्या मुलीनं किती बास्केट केल्या हे मोजायचं नाही. मोजलं तर मोजणारीनं कोर्ट झाडायचं. जिंकल्यावर नाचायच्या आधी सगळ्यांनी मिळून झाडायचं. एकदा वार्ताहर आला, म्हणाला, सगळ्यात चांगली खेळणारीचा फोटो द्या. तू सगळ्या मुलींना ओळीनं बसवलंस आणि त्यांच्या बुटांचा फोटो काढायला लावलास. तो छापूनही आला, आणि कुठला बूट कोणाचा यावरून तालुक्यात वाद झाले. आणखी एक. इतक्या वर्षांत तू त्या मुलींसमोर एकदाही बॉल रिंगमध्ये टाकला नाहीस. त्या मागं लागायच्या, "सर, एकदाच टाकून दावा ना." तू गुडघ्यावर हात ठेवायचास. पोरी बॉल घेऊन परत कोर्टावर.

आणि रूथ. आठवीपासून ती तुझ्या हाताखाली खेळतेय. प्रॅक्टिसला मी तिला पाहिलंय. तू तिला मुद्दाम दुसऱ्या बाजूला घ्यायचास, म्हणजे तुझ्या मुख्य पाच जणींची परीक्षा व्हावी. त्या पाचजणी तिला अडवता अडवता रडकुंडीला यायच्या. ती रिंगखाली वळायची तेव्हा मला शाळेतला तू दिसायचास. आणि मॅचच्या दिवशी? दहावीपासून बारा जणींत नाव आहे, अंगात ड्रेस आहे, आणि बाई बाकाच्या टोकाला टॉवेल सांभाळत बसलीय. तीन वर्षं.

म्हणून गेल्या महिन्यात मी तुला गाठलं. राहुरीची मॅच जिंकून आपण परत येत होतो. प्रवरेच्या पुलाअलीकडे जीप थांबवली, पोरी भेळ खायला पळाल्या, आपण दोघं चहा घेत होतो. आठवतंय ना सगळं? मला शब्दन् शब्द आठवतोय.

"अजून किती बसवणार तिला?" मी विचारलं.

"बसू दे."

"अरे, लोक काय म्हणतील म्हणून तू पोरीला..."

"लोकांचा काय संबंध?" तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि प्यायचा विसरलास. "बसायला शिकली पाहिजे ती."

"तू बसला होतास का कधी?"

"न्हाई ना," तू म्हणालास. "म्हणून तर."

मला कळलं नाही. माझा चेहरा बघून तू बशी खाली ठेवलीस.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं, फिल्या."

"कुठल्या गुडघ्याला?"

"आता मला किती गुडघे आहेत? कॅम्पला पोचलो. पहिल्या दिवशी बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी बसवलं. तिथं सगळीच पोरं आपापल्या गावची हिरो. आपल्याला कोणी बसवू शकतं हेच मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि एसटी धरली. वाटलं, घरी गेल्यावर सांगू काहीतरी. तर नगरच्या स्टँडवर समोर मामा आणि तू उभे. तेवढ्यात काय सुचणार? लंगडलो."

"लंगडलास?"

"लंगडलो. मग थांबताच येईना."

मला आधी काय आठवलं सांगू? माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्याची लिफ्ट बंद होती. तू त्यांना पाठीवर घेतलंस आणि सगळे जिने एका दमात उतरलास. मी मागून त्यांची लघवीची पिशवी धरून धापा टाकत येत होतो. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट मी पुढच्या लग्नापासून तोही प्रसंग गोष्टीत घातला: "तसल्या गुडघ्यानं, बरं का!"

"मी इतकी वर्षं त्या गुडघ्याची गोष्ट सांगतोय रे!" मी ओरडलो. भेळवाला बघायला लागला.

"माहितीये. चांगली सांगतोस. परवाच्या लग्नात तर मलाच रडू आलं."

मला हसायला येत होतं आणि तुझी गचांडी धरावीशीही वाटत होती. मी म्हटलं, "म्हणजे तू पळून आलास, म्हणून रूथ पळून येईल?"

"तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणजे तिचं माझ्यापेक्षा वाईट होणार. सगळे डोक्यावर घेतील. मग एक दिवस कोणीतरी बसवेल आणि ती मोडेल. आत्ताच सवय झालेली बरी."

"हे तिला सांगितलंस?"

"नाही. तूही सांगायचं नाही. बारावी होऊ दे, मी सांगेन."

मी काही बोलणार तोच तू उठलास. "चल, पोरी खोळंबल्यात." संपलं. आपलं शेवटचं भांडण, आणि त्यात माझी पाळी आलीच नाही. ती आता घेतो.

मन्या, बाकावर बसायला शिकवायचं ते परक्या माणसानं. परका बसवतो तेव्हा पोर त्याला शिव्या घालतं, घरी येऊन बापापाशी रडतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातं. बापच बसवतो तेव्हा रडायला कोणाकडे जायचं? तू तिचा कोचही झालास आणि तुझ्या सगळ्या भीतीचा इलाजही तिच्यावरच केलास. तुला जखम झाली आणि पट्टी तिला बांधलीस, तीही धड पायाला. वर ते कारण पोटात ठेवलंस. लोकांनी त्याला सचोटी म्हटलं, तू म्हणू दिलंस. जसा लोकांनी गुडघा म्हटला आणि तू म्हणू दिलास.

आणि मग गेलासच. आदल्या दिवशी फोनवर मी विचारलं, आवाज का असा? म्हणालास, "पित्त झालंय. जिरं चावलंय." हात का दुखतोय? "बोर्ड बसवताना भरला." मी दवाखान्यात काम करतो, गाढवा! माझ्यापासून वीस पावलांवर हृदयाचा डॉक्टर बसतो. रोज माझ्याकडून गोळ्या मागून नेतो. पोरींना सांगायचास, दुखतंय ते लगेच सांगा, सहन करण्यात शौर्य नाही. आणि स्वतःचं खरोखर दुखायला लागलं तर जिरं? जिथं काही झालं नव्हतं तिथं लंगडलास आणि जिथं झालं होतं तिथं सरळ चालत राहिलास. सोमवारी सकाळी कोर्टाच्या रेषा रंगवत होतास. शिपायाला तू पालथा दिसलास तेव्हा ब्रश हातातच होता, म्हणे. लोक म्हणतात, काय भाग्याचं मरण! मी म्हणतो, काय मूर्खाचं मरण.

थांब. जरा पाणी पिऊन येतो.

गुरुवारी, तुझ्या कबरीवर फुलं वाहून आम्ही तुझ्या घरी आलो, तर ओट्यावर तुझी अख्खी टीम बसलेली. कॅप्टन वैष्णवी, ती उसाच्या टोळीच्या मुकादमाची पोरगी, आवाज असा की नदीपलीकडचा माणूस 'ओ' देईल. पण त्या दिवशी हळू बोलत होती.

"रूथ, शनवारी मॅच हाय. तू उतरायचं."

रूथनं मान हलवली. "नको."

"आगं, हरलो की संपलं. बारावीवाल्यांना फुडच्या वर्षी चानस न्हाई. तुलाबी न्हाई, मलाबी न्हाई."

"पप्पांनी मला कधी उतरवलं नाही, वैष्णवी. मी किती पाण्यात आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? प्रॅक्टिसला जमतं मला. मॅचला जमणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आता ते गेले म्हणून मी उतरू? लोक म्हणतील, बाप जायची वाटच बघत होती."

पोरी गेल्या. मी तिथंच खुर्चीत बसून राहिलो. तुला दिलेला शब्द माझ्या पोटात होता. माझ्या पोटात आजवर एकही गोष्ट टिकलेली नाही. आमच्या हिच्या वाढदिवसाची साडी मी दुकानातून घरी येईपर्यंत तिला फोनवर सांगून टाकतो. तुझी एवढी एक मी टिकवली होती. आणि समोर तुझी पोरगी आयुष्यभरासाठी चुकीचं काहीतरी मनात पक्कं करत बसली होती.

मी सांगून टाकलं. कॅम्प, एसटी, स्टँड, लंगडणं, सगळं. पुलावरचं बोलणंही सांगितलं. शब्द मोडला. ये, काय करायचं ते कर.

मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला असं नेहमी वाटतं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांच्या गुडघ्याला शेक दिलाय, काका. पाचवीत असल्यापासून. मिठाची पुरचुंडी करून. दर हिवाळ्यात."

स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदावहिनी म्हणाल्या, "मला माहीत होतं."

आम्ही दोघं वळलो.

"लग्नानंतर महिनाभरात कळलं. कधी डाव्या पायानं लंगडायचे, कधी उजव्या." त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात पुसले. "मी काही बोलले नाही. म्हटलं, सांगतील कधीतरी."

तुझ्या घरात सगळेच तू सांगशील म्हणून थांबले होते, मन्या.

रूथ उठली. "म्हणजे त्यांना माहीत होतं, मी चांगली खेळते ते?"

"स्वतःपेक्षा चांगली, म्हणाला."

"मला वाटायचं, मला येत नाही म्हणून बसवतात. ते मी कसंतरी सोसत होते, काका. आणि येत होतं तरी..." ती तशीच आत गेली आणि तुझ्या फोटोला घातलेला हार काढून टेबलावर ठेवला. फेकला नाही. नीट गुंडाळून ठेवला. मग खोलीचं दार लावून घेतलं. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी चपला शोधायला लागलो, ज्या माझ्या पायातच होत्या.

शनिवारी मी नगरच्या स्टेडियमवर लवकर जाऊन बसलो. कोल्हारची जीप आली. पोरी उतरल्या. सगळ्यात शेवटी रूथ. अंगात ड्रेस. तोंड असं, की मी हात वर केला होता तो डोकं खाजवून खाली घेतला.

तुझ्या जागी शाळेनं घोडकेमॅडमना पाठवलं होतं. भूगोल शिकवतात. बिचाऱ्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अहो, हे किती गोलचं असतं?" म्हणजे टीमचं सगळं वैष्णवीवर. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत आपण बरेच मागं पडलो. समोरच्या पोरी शहरातल्या, उंच, पायात भारी बूट. वैष्णवीनं टाइमआऊट घेतला, बाकाच्या टोकाला गेली आणि रूथच्या मांडीवरचा टॉवेल ओढून घेतला. एवढंच. रूथ उठली.

काय खेळली ती, मन्या! पहिला बॉल तिनं बोर्डवर असा हाणला की रिंग थरथरली. दुसराही बाहेर. तिसरा आत. मग आत, आत, आत. ती कोणाला बॉल देतच नव्हती. घेत होती, घुसत होती, टाकत होती. पोरी ओरडत होत्या, "पास! रूथ, पास दे की!" तिला ऐकूच येत नव्हतं. तुझ्यावरचा सगळा राग ती त्या रिंगमध्ये कोंबत होती. स्टँडमधले लोक उभे राहिले. माझ्या मागं कोणीतरी विचारलं, "ही कोण रे? इतके दिवस कुठं होती?" मी वळून सांगणार होतो. माझ्याच्यानं बोलवलं नाही. घे, असंही झालं एकदा.

शेवटी एका पॉइंटनं मागं. काही सेकंद उरलेले. बॉल रूथकडे. तिच्यावर दोघी. रिंगखाली वैष्णवी एकटी, दोन्ही हात वर करून नाचतेय. सगळ्या स्टेडियमला दिसतेय. रूथनं बॉल टाकला, स्वतःच. तो रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

हरलो.

मला पहिल्यांदा तुझाच विचार आला. हे तू आधीच पाहिलं होतंस. एवढा चांगला हात असलेली पोर बाकीच्यांना विसरणार आणि एक दिवस मोडणार, हे तुला माहीत होतं. बरोबर होतास तू. आणि ते कळल्यावर माझा राग कमी व्हावा ना? तो वाढलाच. बरोबर होतास तर तिथं असायला हवं होतंस! तू तिला चुकू दिलं असतंस, दहावीत एकदा, अकरावीत एकदा, आणि ओरडला असतास, आणि घरी जाताना भेळ खाऊ घातली असतीस. बरोबर असलेला माणूस जिरं चावून मरतो का?

मी खाली धावलो. मला वाटलं, आता ही पोरगी मोडली. बाकाजवळ ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती. घोडकेमॅडम तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "असू दे गं. कोणी काही बोलू नका तिला. वडील गेलेत बिचारीचे."

"मॅडम," वैष्णवी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज नदीपलीकडे जाणारा होता, "वडील गेले म्हनून पास द्यायचा न्हाई का?"

रूथनं मान वर केली.

"दिसली नाहीस तू मला."

"दिसली न्हाई? दोन हात वर करून नाचत हुते मी! भूतसुदीक दिसलं आसतं!"

"मग ओरडायचं ना!"

"घसा फाटला माझा! आणि हिला विचार, आणि तिला विचार. सगळ्या मोकळ्या हुतो आमी. तू येकटीच खेळायला आल्तीस का नगरला?"

मग बाकीच्याही सुटल्या. एक म्हणाली, माझ्या हातातला बॉल हिसकावलास. दुसरी म्हणाली, मला तर ढकललंस. रूथ एकेकीला उत्तर देत होती, हात नाचवत होती, "हो, आणि तू दोन फ्री थ्रो घालवलेस ते?" असं विचारत होती. लाल झाली होती. मध्येच म्हणाली, "चुकले. बास?"

"बास न्हाई," वैष्णवी म्हणाली.

आणि तेव्हा तुझी पोरगी रडली. दफनाच्या वेळी रडली नव्हती, कबरीवर रडली नव्हती. तोंड उघडं टाकून, पाचवीतल्या पोरीसारखी रडली. वैष्णवीनं तिला छातीशी धरलं आणि धरल्या धरल्या तिची शिवीगाळ चालूच होती, "येवढा सोपा पास... आंधळे... भवाने..." घोडकेमॅडम घाबरून माझ्याकडे बघत होत्या, की हे थांबवायचं का. मी म्हटलं, मॅडम, अजिबात थांबवू नका.

ऐकतोयस ना? तुझ्या रूथनं काल शाळेची मॅच घालवली. भर स्टेडियमवर, आपल्या हातानं. साऱ्या टीमनं तिला झाडलं आणि सगळ्या मिळून एका जीपमधून घरी गेल्या. एवढंच मागत होतो रे मी तुझ्याकडे.